आल्याची कंदकूज: आधी मोहरी, मग ट्रायकोडर्मा (दोन वर्षांचा अनुभव, चुकांसकट)

आलेपाक | ३ फेब्रुवारी, रात्री ९:४०

राम राम मंडळी. कंदकुजीच्या जुन्या धाग्यावर "मोहरीचं सविस्तर लिहितो" म्हणून पसार झालो होतो. आल्याची काढणी चालू होती, बसायला सवड नव्हती. आज बसलोय, लांबेल, चहा घेऊन वाचा.

रान कोरेगाव तालुक्यात, मध्यम काळी माती, गादीवाफ्यावर ठिबक. आमच्याकडं आल्याचा हिशोब गाडीवर चालतो, गाडी म्हणजे ५०० किलो. आणि कंदकूज लागली की गाड्यांचा हिशोब घमेल्यांवर येतो. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: जुलै-ऑगस्टच्या झडीत खालची पानं कडेनं पिवळी पडतात, फुटवा बुडाशी पाणथळ होतो, जरा ओढला की अलगद हातात येतो. कंद दाबला की बोटांत चिखल आणि वास असा की जेवण जात नाही. एक गड्डा गेला की पाण्यासोबत शेजारचे चार.

मोहरीचं पहिल्यांदा ऐकलं एका शेतकरी मेळाव्यात. हिरवी मोहरी जमिनीत गाडली तर रोगाच्या बुरश्या मरतात, वर ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीवर जगणारी मित्रबुरशी) द्यायचा, विषय संपला. आलो आणि फेब्रुवारीत १० गुंठ्यांत मोहरी फेकली. मार्चअखेर फुलावर आली, ग्रासकटरनं कापली. त्या दिवशी ट्रॅक्टरवाला लग्नाला गेला होता. मोहरी दोन दिवस उन्हात पडली, वाळून कडबा झाला, मग रोटर मारला. पाला कमी वाटला म्हणून जनावरांच्या खाद्याच्या दुकानातून मोहरीची पेंड आणून टाकली. त्याच संध्याकाळी ट्रायकोडर्मा सोडला, म्हटलं एका खेपेत दोन्ही कामं. फरक? शून्य. ऑगस्टमध्ये मोहरीचे बेड आणि बिनमोहरीचे बेड सारखेच कुजले.

चूक कळली ती स्वयंपाकघरात. आई लोणच्यासाठी मोहरी फेसत होती, पाट्यावर पाण्याचा हबका मारून. मी दारात उभा, तरी नाकात झणका गेला आणि डोळ्यांतून पाणी. उरलेल्या पेंडीची मूठ सहज तिच्यापुढं धरली, पाणी घालून चोळ म्हटलं. तिनं चोळली, हुंगली आणि म्हणाली, "ही मेलीय रे. फोडणीतली मोहरी कधी कुणाच्या नाकात गेलीय का?"

बस, तिथं उजेड पडला. मोहरी चिरडली पाहिजे, ओली पाहिजे आणि आधी तापलेली नको. आमच्या मोहरीनं तिन्ही अटी मोडल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी (म्हणजे गेल्या हंगामात) असं केलं:

१० गुंठ्यांना २ किलो बारीक मोहरी, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तुषारवर. ४८व्या दिवशी निम्मी फुलं दिसली तेव्हा कंबरेएवढी होती. ट्रॅक्टर आदल्या रात्रीच रानात आणून उभा केला (लग्नसराई!). सकाळी ६ ला पुढं कापणी, मागं लगेच रोटर, कापलेलं अर्ध्या तासाच्या वर उघडं राहू दिलं नाही. रोटरमागं चालताना नाकात झिणझिण्या येत होत्या, म्हणजे माल जिवंत. लगेच वीतभर ओल जाईल इतकं पाणी आणि पॉलिहाऊसचा जुना पारदर्शक कागद अंथरून कडा मातीनं दाबल्या. २० दिवस झाकलं. कागद काढला, रान ३ दिवस उघडं टाकलं, बेड पाडले आणि मग आधीपासून शेणखतात मुरवत ठेवलेला ट्रायकोडर्मा बेडमध्ये मिसळला. लागण मेच्या मध्यात, बेणं निवडून.

कंदकूज गेली का? नाही गेली. पण मोहरीच्या ६ बेडांतून ऑगस्टअखेर कुजके गड्डे निघाले २ घमेली, शेजारच्या ६ बेडांतून ७. बेणं तेच, खत तेच, आळवणी तीच.

आता प्रश्न. मोहरी गाडल्यावर ट्रायकोडर्मा नक्की किती दिवसांनी द्यावा? मोहरीच्या झणक्याचा जो वायू रोगाची बुरशी मारतो तो आपली मित्रबुरशी पण मारणारच ना?

---

पाणंद | ३ फेब्रुवारी, रात्री १०:१५

आईंना साष्टांग दंडवत. कागदाचा खर्च किती आला, आणि ती मोहरी भाजीला विकली असती तर किती आले असते, तेही लिहा की राव.

---

सूक्ष्मदर्शक | ४ फेब्रुवारी, सकाळी ७:०५

आलेपाक, इतका प्रामाणिक धागा बऱ्याच दिवसांनी आला. रोगशास्त्र शिकवण्यात माझी हयात गेली, त्यामुळं थोडं मास्तरकीचं होईल, सांभाळून घ्या.

तुमच्या आईंनी जे सांगितलं ते अक्षरशः बरोबर आहे. मोहरीच्या पेशीत ग्लुकोसिनोलेट नावाचं गंधकयुक्त द्रव्य एका कप्प्यात असतं आणि मायरोसिनेज नावाचं विकर दुसऱ्या कप्प्यात. पेशी शाबूत आहे तोवर दोघांची गाठ पडत नाही. चिरडलं आणि पाणी मिळालं की विकर त्या द्रव्याचे तुकडे करतं आणि आयसोथायोसायनेट सुटतं. आपल्या बारीक मोहरीत मुख्यतः सिनिग्रिन नावाचं ग्लुकोसिनोलेट असतं, त्यातून अलाइल आयसोथायोसायनेट होतं. नाकात जातो तो झणका हाच. उष्णतेनं विकर मरतं, म्हणून फोडणीतली मोहरी गप्प. या पद्धतीला 'बायोफ्युमिगेशन' हे नाव ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेचे जॉन किर्कगार्ड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये दिलं. रासायनिक धुरीसाठी वापरतात ते मेटाम सोडियमही जमिनीत मोडून मिथाइल आयसोथायोसायनेटच बनतं. म्हणजे मोहरी त्याच घराण्यातली, पण खूप सौम्य.

आता तुमचा प्रश्न. वायूचा जोर पहिल्या काही तासांत असतो, दिवसागणिक तो उतरतो. ट्रायकोडर्माच्या बऱ्याच जाती या वायूला कूज करणाऱ्या पिथियम आणि रायझोक्टोनियाइतकी दाद देत नाहीत, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण 'जास्त सोसतात' म्हणजे 'काही होत नाही' असं नव्हे. बाटलीतून नुकताच निघालेला, भुकेला, कमकुवत बीजाणू त्याच दिवशी त्या धुरात सोडणं म्हणजे नवीन सुनेला पहिल्याच दिवशी मिरच्या कुटायला बसवणं. मी दोन ते तीन आठवडे थांबायला सांगतो. तुम्ही २३ दिवस थांबलात, उत्तम.

थांबायचं आणखी एक कारण आहे आणि ते कुणी सांगत नाही. ताजा हिरवा पाला जमिनीत गेला की पहिल्या काही दिवसांत पिथियमचं चांगलंच फावतं. साखर-प्रथिनांवर सगळ्यात आधी झडप घालणारा तोच. वायू कमी पडला, पाला वाळका होता किंवा झाकलं नाही, तर तुम्ही पिथियमला मेजवानी दिलीत. पहिल्या वर्षी तुम्हाला फरक पडला नाही हे नशीब समजा, कूज वाढली असती तरी मला नवल वाटलं नसतं.

आणि हो, पिथियम ही खरी बुरशी नाही, शेवाळांच्या जवळच्या कुळातली आहे. तिच्या पेशीभिंतीत मुख्यतः ग्लुकन आणि सेल्युलोज असतं. ट्रायकोडर्मा तिच्यावर चालतो, कारण त्याच्याकडं ती भिंत फोडणारीही विकरं आहेत. वाइंडलिंग यांनी १९३२ मध्ये ट्रायकोडर्मा दुसऱ्या बुरशीला वेटोळं घालून खातो हे दाखवलं तेव्हापासून आपण फक्त वेटोळ्याचंच चित्र बघतो. शेतात मात्र त्याचं अर्धं काम जागा अडवण्याचं असतं. मोहरीनं रान मोकळं केलं की तिथं आधी कोण मुक्काम टाकतो, त्यावर पुढचे चार महिने ठरतात.

सगळ्यात आधी करायची गोष्ट शेवटी सांगतो. तुमची कूज पिथियमचीच आहे का? पिवळ्या फुटव्याचा बुडखा आडवा कापून स्वच्छ पाण्याच्या काचेच्या ग्लासात अलगद धरा, हलवू नका. दोन-चार मिनिटांत कापातून दुधाळ धागा खाली उतरला तर ती जिवाणूजन्य मर आहे, राल्स्टोनिया. तिथं या सगळ्या खटाटोपावर भिस्त ठेवू नका. बेणं आणि रान दोन्ही बदला.

---

घाणेवाला | ४ फेब्रुवारी, सकाळी ११:३०

पेंडीवर मी बोलतो, माझा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा आणि करडई रोजची, मोहरी कधीमधी.

बाजारात पशुखाद्यात जी मोहरीची पेंड मिळते ती बहुतेक एक्सपेलरची नाहीतर सॉल्व्हंटची. त्यात माल चांगलाच तापतो, आईसाहेब म्हणतात तशी मेलेली. खत म्हणून वाईट नाही, नत्र मिळतं, पण वायू सुटणार नाही.

मग लोक म्हणतात कच्ची घाणीची द्या. त्यातही एक गोम आहे. मोहरीचं झणझणीत तेल हवं असेल तर घाण्यात पाणी मारतात. पाणी मारलं की झणका तिथंच सुटतो आणि तेलात जातो. उत्तरेकडचे लोक त्याच वासाचे पैसे देतात! म्हणजे पेंडीतला बराचसा दारूगोळा आधीच उडालेला. तुम्हाला हवी ती पाणी न मारता, गार काढलेली पेंड. ती सांगूनच काढून घ्यावी लागते, आणि कोरडी ठेवावी लागते. पावसाळी हवेत पोतं उघडं राहिलं की गेली.

पारख सोपी: मूठभर पेंड, कोमट पाणी, झाकण, १० मिनिटं. झाकण काढून नाक जवळ न्या. डोकं मागं गेलं तर घ्या, नाही गेलं तर म्हशीला घाला. (म्हशीलाही बेतानं.)

---

झणझणीत | ४ फेब्रुवारी, दुपारी २:१०

नावात झणका असूनही मला हे पटलेलं नाही.

६ बेड विरुद्ध ६ बेड, दोन्ही एकेका पट्ट्यात. २ घमेली विरुद्ध ७. कंदकूज पट्ट्यापट्ट्यानंच येते हो! उताराचा शेजार, एखादी ठिबकची गळकी नळी, बेण्याची एक वाईट गोण, एवढं पुरतं. त्यातून तुम्ही एका वेळी चार गोष्टी बदलल्या: मोहरी, प्लास्टिकखालचं ऊन, ट्रायकोडर्मा आणि त्याच्यासोबतचं शेणखत. श्रेय कुणाचं? मला तर नुसत्या कागदाचं वाटतं. मार्च-एप्रिलच्या उन्हात ओल्या रानावर २० दिवस पारदर्शक कागद टाकला तर मोहरी नसतानाही बुरशी मरते. इस्राएलच्या काटान यांनी १९७६ मध्येच ते दाखवलं आहे.

---

आलेपाक | ४ फेब्रुवारी, रात्री ८:५०

झणझणीत, बरोबर पकडलंत. गळकी नळी नव्हती, पण ७ घमेल्यांपैकी साडेतीन-चार घमेली खालच्या कोपऱ्यातल्या दोन बेडांचीच होती, जिथं पाणी तुंबतं. ते आधी लिहायला पाहिजे होतं. ते दोन बेड सोडले तर फरक उरतो, पण एवढा डोळ्यांत भरणारा नाही.

पाणंद, कागद जुना होता, फुकट. मोहरीची भाजी आमच्या बाजारात कोण घेणार? बियाणं, डिझेल, तुषारचं पाणी आणि दोन महिने रान अडकलं, हाच खर्च.

सूक्ष्मदर्शक सर, ग्लासाचा प्रयोग ऑगस्टमध्ये करतो. बाकी सुनेचं उदाहरण घरात वाचून दाखवलं नाही.

---

दूरदेशी | ५ फेब्रुवारी, पहाटे ५:२०

मूळ गाव फलटण, सध्या अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सफरचंदांच्या मुलखात. झणझणीत यांचा "श्रेय कुणाचं" हा प्रश्न इथल्या लोकांनी चांगला धसास लावलाय, म्हणून लिहितो.

इथं जुनी बाग काढून त्याच जागी नवीन सफरचंद लावलं की झाडं खुरटतात. पिथियम, रायझोक्टोनिया, सिलिंड्रोकार्पॉन आणि सूत्रकृमी मिळून मुळं खातात. वेनॅची इथं मार्क माझोला यांनी यावर वर्षानुवर्षं मोहरीवर्गीय बियांच्या पेंडीचं काम केलं. त्यातला मला सगळ्यात भिडलेला मुद्दा असा: वायू तर काही दिवसांत उडून जातो, मग पिथियम पुढं महिनोन् महिने का दबलेला राहतो? तर बारीक मोहरीची पेंड टाकलेल्या मातीत नंतर ज्या बुरश्या वस्तीला येतात, त्यांच्यात ट्रायकोडर्मा ठळक असतो, आणि दबाव टिकवतात त्या बुरश्या. माती निर्जंतुक केली की तो दबाव नाहीसा होतो. म्हणजे मोहरी आणि ट्रायकोडर्मा ही जोडी माणसानं जुळवायच्या आधी मातीनंच जुळवली होती. आपण फक्त मुहूर्त साधायचा.

तिथंच आणखी एक गोष्ट कळली, सगळ्या पेंडी सारख्या नाहीत. कमी ग्लुकोसिनोलेटच्या रेपसीडच्या पेंडीनं रायझोक्टोनिया दबला, पण पिथियम उलट वाढला. बारीक मोहरीच्या पेंडीनं पिथियम दबला.

आमच्या पूर्वेला कोलंबिया खोऱ्यात, मोझेस लेकच्या बाजूला, बटाटेवाले गव्हानंतर ऑगस्टमध्ये मोहरी पेरतात आणि ऑक्टोबरमध्ये गाडतात. मेटाम सोडियमची धुरी टाळण्यासाठी हे सुरू झालं, पण शेतकरी सांगतात ती दुसरीच गोष्ट, जमिनीत पाणी मुरायला लागलं, वाऱ्यानं माती उडायची थांबली. आलेपाक, तुमच्या त्या खालच्या कोपऱ्यासाठी हे लक्षात ठेवा. पिथियमचे चलबीजाणू पाण्यातून पोहत जातात. पाणी तुंबायचं कमी झालं तर तेवढंही औषधच.

---

तूरवाला | ५ फेब्रुवारी, सकाळी १०:००

आमच्याकडे विदर्भात कोरडवाहूत हे कसं बसवायचं ते सांगा जी. तुरीची मर आहे, हरभऱ्याची मर आहे. मोहरी गाडायला पाणी कुठून आणू? पेरू कधी, गाडू कधी?

---

सूक्ष्मदर्शक | ५ फेब्रुवारी, सकाळी ११:४५

तूरवाले, तुमच्यासाठी नाहीच बसत, उगाच ओढून ताणून बसवू नका. मर आणणाऱ्या फ्युजेरियम बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू वर्षानुवर्षं मातीत पडून राहतात आणि मोहरीच्या वायूला पिथियमइतके सहज बधत नाहीत. तुरीला बीएसएमआर ७३६ किंवा बीडीएन ७११ सारखा मर सोसणारा वाण, ज्वारीशी फेरपालट नाहीतर आंतरपीक, आणि किलोला ४-५ ग्रॅम ट्रायकोडर्माची बीजप्रक्रिया. एवढ्या पैशांत याहून जास्त काही मिळत नाही. बीजप्रक्रियेत कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत ट्रायकोडर्मा चोळू नका, एकाच हातानं दिवा लावून फुंकर मारल्यासारखं होतं.

पण 'पाणी नाही' म्हणालात म्हणून एक सांगतोच. जोधपूरला केंद्रीय रुक्ष क्षेत्र संशोधन संस्था आहे, काजरी. तिथं डॉ. लोढा आणि सहकाऱ्यांनी राजस्थानची ताकद ओळखली: मोहरीचा पाचोळा मुबलक आणि मे-जूनचं ऊन फुकट. मोहरीवर्गीय अवशेष मातीत मिसळायचे, उन्हाळ्यात एक पाणी द्यायचं आणि माती नैसर्गिक तापू द्यायची. कोरडी मुळकूज करणारा मॅक्रोफोमिना यात चांगला कमी झाला, प्लास्टिक न वापरताही. हे काम १९९७ मध्ये छापून आलं. पुढं त्यांनी जिऱ्याच्या मर रोगावर अवशेष, ऊन आणि मित्रबुरशी असं तिन्ही एकत्र तपासलं.

झणझणीत, यात तुमचं उत्तरही आहे. उष्णता आणि मोहरी एकमेकांचे प्रतिस्पर्धी नाहीत. अर्धमेली बुरशी दुसऱ्या फटक्याला लवकर जाते. उष्णतेनं थकलेल्या बीजाणूला कमी वायू पुरतो आणि वायूनं जखमी झालेल्याला ट्रायकोडर्मा सहज धरतो. श्रेय वाटणं अवघड आहे ते याचमुळं.

---

गच्चीवरची | ५ फेब्रुवारी, दुपारी ४:३०

इथे शेतकरी मंडळींत मी एकटीच कुंडीवाली, ठाण्यात. मी मोहरीची पेंड सात दिवस पाण्यात भिजवून, पातळ करून झाडांना घालते. शेजारी वासावरून भांडतात. टोमॅटोची रोपं तरी कोलमडतातच. त्याच पाण्यात ट्रायकोडर्मा घातला तर चालेल का?

---

घाणेवाला | ५ फेब्रुवारी, सायंकाळी ६:०५

ताई, सात दिवसांत झणका कधीच उडाला, उरलं ते खत. शेजारी भांडतात तो वास सडलेल्या प्रथिनांचा.

---

सूक्ष्मदर्शक | ५ फेब्रुवारी, रात्री ९:१५

ताई, त्या आंबलेल्या पाण्यात नको. हवा नाही, जिवाणूंचा बाजार भरलेला, ट्रायकोडर्मा तिथं तग धरत नाही. याच कारणानं गूळ-बेसनाच्या ड्रममध्ये ट्रायकोडर्मा 'वाढवायचा' जो प्रकार गावोगाव चालतो, त्याबद्दल माझं मत वाईट आहे. ड्रममध्ये वाढतं ते बहुतेक दुसरंच काहीतरी.

वाढवायचा असेल तर शेणखतात. चांगलं कुजलेलं, गार झालेलं १०० किलो शेणखत, त्यात १ ते २ किलो ट्रायकोडर्मा, मुठीत दाबलं तर गोळा व्हावा पण पाणी ठिबकू नये इतकी ओल. सावलीत ढीग, वर ओलं गोणपाट, ८ ते १५ दिवस, मधे एकदा-दोनदा खालीवर. ढीग गरम लागला तर खत कच्चं होतं असं समजा. आणि पुडीवरची उत्पादनाची तारीख बघा. भुकटीत दर ग्रॅममागे किमान २० लाख जिवंत बीजाणू असावेत असा नियम आहे, पण दुकानाच्या उन्हातल्या काचेमागं सहा महिने काढलेल्या पुडीत ते उरत नाहीत.

आता कुणीतरी म्हणेल, भातावर टाकून बघतो, हिरवी बुरशी आली म्हणजे माल खरा. शिळ्या भातावर हिरवी बुरशी आपोआपही येते, मंडळी.

कुंडीसाठी: रोपांची माती उन्हात काळ्या पिशवीत तापवा, मग मुरवलेलं शेणखत मिसळा. पाणी कमी घाला. टोमॅटोची रोपं ठाण्यात बहुतेक पाण्यानं मरतात.

---

बांधावरून | ६ फेब्रुवारी, सकाळी ८:२०

एक इशारा द्यायचा राहिला का कुणाचा? फ्लॉवर-कोबीच्या रानात मोहरी गाडू नका. एकच कूळ, रोगही एकच, गड्ड्या मुळांचा रोग असेल तर वाढतो. आमच्या शेजाऱ्यानं केलं, आता कोबी लावणं सोडलंय.

आणि गाठीच्या सूत्रकृमीचं? मोहरीच्या मुळांवर गाठी मी डोळ्यांनी बघितल्यात.

---

सूक्ष्मदर्शक | ६ फेब्रुवारी, सकाळी ९:००

दोन्ही बरोबर. गाठीचा सूत्रकृमी मोहरीवर वाढू शकतो, आणि उन्हाळ्यात जास्तच. मोहरी ५० दिवसांच्या पुढं उभी ठेवली तर गाडून जेवढे मारता त्याहून जास्त पोसता. फुलावर आली की ताबडतोब.

भर घालतो: मोहरीच्या मुळांशी मायकोरायझा (मुळांना जोडून राहणारी मित्रबुरशी) जुळत नाही. या कुळाचं ते वैशिष्ट्यच. त्यामुळं मोहरीनंतर ती मित्रबुरशी मातीत कमी झालेली असते. आल्याला मायकोरायझा देत असाल तर तोही लागणीच्या वेळी नव्यानं द्या.

बियाणं घेताना वाण विचारा. खाद्यतेलासाठी आता कमी ग्लुकोसिनोलेटचे वाण आलेत, दिल्लीच्या पुसा संस्थेचा 'पुसा डबल झिरो मस्टर्ड ३१' त्यातला. पेंड जनावरांना चांगली, आपल्या कामाची नाही. आणि गंधक कमी असलेल्या रानात मोहरीतही झणका कमी उतरतो. पेरताना थोडं गंधक द्या.

---

झणझणीत | ६ फेब्रुवारी, दुपारी १:३०

बरं, आलेपाक, भांडण पुरे. यंदा नीट करा, मी माप काढून देतो. १२ बेड घ्या. ३ बेड काहीच नाही. ३ नुसता कागद. ३ मोहरी आणि कागद. ३ मोहरी, कागद आणि ट्रायकोडर्मा. शेणखत सगळ्यांना सारखं, फक्त शेवटच्या तिनांत ट्रायकोडर्मा मुरवलेलं. कुठला बेड कशाला ते चिठ्ठ्या टाकून ठरवा, डोळ्यांनी निवडू नका. डोळा नेहमी चांगला बेड आवडत्या औषधाला देतो. कुजके गड्डे मोजून लिहा, घमेली नकोत.

---

पाणंद | ६ फेब्रुवारी, दुपारी १:५०

घमेली नकोत काय! घमेलं हे महाराष्ट्राचं अधिकृत माप आहे.

---

आलेपाक | ९ फेब्रुवारी, रात्री ९:१०

मंजूर. काल ६ बेडांवर मोहरी टोकली. घाणेवाले, गार पेंड २० किलो बाजूला ठेवा, मार्चअखेर येतो. पाला कमी पडला तर मोहरीच्या सहाही बेडांत सारखी टाकीन, झणझणीत ओरडायच्या आत सांगून ठेवतो.

चिठ्ठ्या आईनं काढल्या. पाणी तुंबणाऱ्या खालच्या कोपऱ्यातले दोन बेड नेमके कुणाच्या वाट्याला यावेत? एक 'काहीच नाही'ला गेला आणि दुसरा मोहरी-कागद-ट्रायकोडर्माला. मी म्हटलं, आई, ही एक चिठ्ठी परत काढू. तर म्हणाली, "मग चिठ्ठ्या कशाला टाकल्यास?"

तसंच ठेवलंय. त्या कोपऱ्यातून ओढ्याकडं चर मात्र पूर्ण रानाला काढणार, तो सगळ्यांना सारखा. जेसीबीवाला उद्या येतो म्हणालाय. त्याच्याकडं लग्न नाही ना ते विचारून घेतलं.